बावीस मिनिटांत गोंधळ: लोककलेच्या टीव्ही कार्यक्रमांत नव्याने येणाऱ्यांसाठी

माझा पहिला स्वतंत्र भाग प्रसारित झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन वाजला. आम्ही ज्या गोंधळ्यांचं शूट केलं होतं, त्या संचाचे म्होरके बोलत होते. सगळे त्यांना नाना म्हणत. कौतुक ऐकायला मिळणार म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला.

"ताई, कार्यक्रम झ्याक झाला. पण ज्यांच्या घरी गोंधळ होता, त्यांचीच देवी कापलीत की वो तुम्ही."

गोंधळात चौक मांडला, दिवटी पेटली, संबळावर काठी पडली की आधी आवाहन होतं. तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, मग आसपासची गावदैवतं आणि त्यातच त्या घरचं कुलदैवत. एकेकाला गावासकट नाव घेऊन बोलवायचं. एडिटला बसल्यावर मला ती नुसती पुनरावृत्ती वाटली. मोठी चार नावं ठेवली, बाकीची काढली. जोड इतका सफाईदार बसला की कुणाच्या लक्षातही येणार नाही, असं एडिटर म्हणाला. त्या घरी मात्र शेजारीपाजारी बोलावून, चहा ठेवून सगळे टीव्हीसमोर बसले होते. आपली देवी कधी येते याची वाट बघत.

या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलं-मुली मला विचारतात, कोणता कोर्स करू, कॅमेरा कोणता घेऊ? कोर्सचं उत्तर देते पुढे. पण आधी एवढं ऐका. हा कार्यक्रम अनोळखी प्रेक्षकाला 'आपली संस्कृती' दाखवण्यासाठी असतो, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो सगळ्यात बारकाईने कोण बघतं? ज्यांच्यावर केलाय तेच. त्यांना आपली प्रत्येक कात्री दिसते.

मराठीत या कामाची वाट जुनी आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपणामुळे पुण्याला चित्र दिसू लागलं. 'आमची माती, आमची माणसं' हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम त्याच परंपरेतला. पुढे स्वतंत्र मराठी वाहिनी आली आणि २००० मध्ये तिला 'सह्याद्री' हे नाव मिळालं. खाजगी वाहिन्यांवर लोककला दिसते ती बहुतेक स्पर्धेच्या मंचावर, परीक्षकांसमोर, तीन मिनिटांत. एखाद्या जिल्ह्याची कला तिच्याच अंगणात जाऊन अर्धा तास दाखवायची, हे काम मुख्यतः सार्वजनिक वाहिनीकडेच उरलंय. जुने भाग आता यूट्यूबवर सापडतात. ते बघा, आणि एकदा आवाज बंद करून बघा. कॅमेरा माणसांकडे किती वेळ बघतो आणि निवेदकाकडे किती, ते लगेच कळतं.

आता गणित. अर्ध्या तासाचा स्लॉट म्हणजे हातात बावीस-तेवीस मिनिटं. शीर्षकगीत, नामावली, निवेदन वजा केलं की कलेला उरतात सोळा-सतरा. आणि समोरची कला असते रात्रभराची. कोकणातलं दशावतारी नाटक घ्या. रात्री उशिरा सुरू होतो, आधी आडदशावतार म्हणजे पूर्वरंग, त्यात गणपती, सरस्वती, भटजी, संकासुर, आणि मग कुठे आख्यान. लिहिलेली संहिता नाही. कथानक ठरलेलं, संवाद मात्र जागेवर सुचतील तसे. सिंधुदुर्गात एका मंडळाला मी विचारलं होतं, "हा प्रसंग जरा आटोपशीर करता येईल का?" रंग लावत बसलेल्या कलाकाराने आरशातूनच विचारलं, "तुमका येळ किती आसा?" मी म्हटलं, सात मिनिटं. तो हसला आणि त्याने खरोखर सात मिनिटांत बसवलं. घड्याळ न बघता. ते सात मिनिटांचं फुटेज मी शेवटी वापरलं नाही. त्यात राजा होता, राक्षस होता, युद्ध होतं, पण त्यांची एकमेकांना शब्दांत पकडण्याची जी मजा असते ती कुठेच नव्हती. दुसऱ्या रात्री न सांगता, मागे बसून, पूर्ण प्रयोग शूट केला आणि त्यातला एकच लांब संवाद, साडेपाच मिनिटांचा, न कापता लावला.

म्हणून माझा हट्ट असा: सतरा मिनिटांत सगळं बसवू नका. एकच गोष्ट पूर्ण दाखवा, बाकीची सांगा. पाच कलांचे तीन-तीन मिनिटांचे तुकडे जोडून 'महाराष्ट्राची लोकधारा' करायला एक दुपार पुरते, आणि तो भाग विसरायला प्रेक्षकालाही तेवढाच वेळ लागतो.

रेकीला, म्हणजे जागा आणि माणसं बघायला, शूटच्या आधी किमान एकदा जा, आणि कॅमेरा न घेता जा. हे सांगून मी थकले. निर्माते म्हणतात, प्रवासखर्च बसत नाही. बसवा. एक दिवस कमी शूट करा, पण रेकी करा. वारली चित्रांवरचा भाग करताना मला हे कळलं. कागदावर, कॅनव्हासवर चित्रं काढणारे पुरुष कलाकार सहज भेटतात, बोलायलाही सरावलेले असतात. जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, हे सगळं माहितीपर निवेदनात छान बसतं. पण भिंतीवरचा लग्नाचा चौक, ज्यात पालघट देवी असते, तो काढायचा मान सवासिनींचा. त्या बायका कॅमेरा दिसला की आत जातात. मी पहिल्या फेरीत कॅमेरा नेला नव्हता म्हणून एका घराच्या ओटीवर तांदळाचं पीठ कालवत बसायला मिळालं. तिथे कळलं की चित्र काढताना गाणी म्हणतात. दुसऱ्या फेरीला त्यांनीच विचारलं, "आज मशीन नाही आणलं?"

परवानगी हा शब्द आपण कागदापुरता वापरतो. संमतीपत्रावर सही घेतली, झालं. कागद लागतोच. चित्रीकरणाची संमती, मानधनासाठी बँकेचं पासबुक, पूर्ण नाव, संच असेल तर प्रत्येकाचं नाव. मानधनाचं आधीच स्पष्ट बोला. किती, कधी, कुणाच्या खात्यात. "नंतर बघू" हे वाक्य कलाकारांनी आयुष्यभर ऐकलेलं असतं. पण खरी परवानगी देवघरात चप्पल काढून शिरताना, मुखवटा हातात घेण्याआधी, दिवटीवर लाइट मारण्याआधी मागायची असते. बोहाडा म्हणजे मुखवटे घालून देवादिकांची सोंगं नाचवण्याचा उत्सव. त्यातले मुखवटे आपल्याला प्रॉप वाटतात. ज्या घराकडे त्या सोंगाचा मान असतो, त्यांच्यासाठी ते दैवत असतं. आमच्या एका सहाय्यकाने चांगली फ्रेम मिळावी म्हणून मुखवटा उलटा करून जमिनीवर ठेवला. पुढचे दोन तास कुणी आमच्याशी बोललं नाही, आणि बरोबरच होतं ते.

मुलाखतीबद्दल थोडं. "तुम्हाला कसं वाटतं?" या प्रश्नाला "छान वाटतं" एवढंच उत्तर असतं. वस्तूबद्दल विचारा. संबळाची एक काठी वाकडी का? तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याला भोपळा कोणता चालतो, कधी काढून वाळवता? मागच्या वेळी तो फुटला तेव्हा काय केलंत? माणूस आपोआप बोलू लागतो, हात बोलू लागतात, आणि कॅमेरामनला शॉट मिळतात. उत्तर संपल्यावर तीन-चार सेकंद गप्प बसा. खरं वाक्य बहुतेक वेळा त्या शांततेनंतर येतं. आपल्याला "हो, हो, बरोबर" म्हणायची सवय असते, तो आवाज कपड्याला लावलेल्या लेपल माइकवर जातो आणि एडिटर आपल्या नावाने शंख करतो.

आवाजावरून आठवलं. झांज, हलगी, संबळ यांनी माइक फाटतो. मंडळाच्या साउंडवाल्याकडून लाइन मिळाली तर घ्या, पण तिच्यावर विसंबू नका, एक माइक लांब ठेवून वेगळा आवाज घ्या. आणि निघण्याआधी अर्धा मिनिट त्या जागेचा नुसता आवाज रेकॉर्ड करा. रातकिडे, जनरेटर, लांबचं कुत्रं, काहीही. दोन वाक्यांमधली भेग बुजवायला तोच उपयोगी पडतो. लोक कॅमेऱ्यावर लाखो घालतात आणि हेडफोन विसरून येतात.

निवेदनात एक वाक्य मी आमच्याकडे बंद केलंय: "काळाच्या ओघात लोप पावत चाललेली ही कला." पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी नाटकांवरच्या भागाच्या कच्च्या संहितेत एका नव्या मुलाने ते लिहून आणलं. मी त्याला वडसा देसाईगंजला फोन लावायला सांगितलं, शूटसाठी नाटक मंडळीची तारीख मागायला. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, गावोगावी रात्रभर नाटकं चालतात, तिकीट काढून लोक येतात. फोनवर पलीकडून उत्तर आलं, या महिन्यात एकही रात्र मोकळी नाही, तुम्हीच आमच्या मागे फिरा. त्याने ते वाक्य स्वतःच खोडलं. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा शहरातल्या बऱ्याच जणांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. कला लोपली नव्हती, आपण तिकडे गेलो नव्हतो. काही कला खरंच संपत आल्या आहेत. तिथेही उसासे टाकण्यापेक्षा नेमकं सांगा: हे वाद्य करणारा आता एकच माणूस उरलाय, लाकूड मिळत नाही, मुलगा कंपनीत जातो.

बोलीचा प्रश्न सुटलाय असं म्हणवत नाही. मालवणी, अहिराणी, झाडीबोली यांना खाली पाट्या द्यायच्या का? मी देते, पण माणसाच्या आवाजावर प्रमाण मराठीतला आवाज चढवत नाही. गोंडी किंवा कोरकूसाठी भाषांतर त्याच समाजातल्या माणसाकडून करून घ्या आणि त्याचं नाव श्रेयनामावलीत द्या, पैसेही द्या. सुपरवर, म्हणजे पडद्यावरच्या पट्टीत, येणारं नाव माणसाला स्वतःलाच लिहायला सांगा. ठाकर आणि ठाकूर यात तुम्हाला एका उकाराचा फरक दिसत असेल. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला, चित्रं दाखवत कथा सांगणाऱ्या ठाकर समाजाच्या चित्रकथीचं शूट करायला गेलात आणि तिथे ही चूक केलीत, तर तो फरक केवढा आहे हे तिथेच समजेल.

आता शिक्षण आणि शिरकाव. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये टेलिव्हिजनचे एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत, दिग्दर्शन, कॅमेरा, संकलन, ध्वनी असे वेगवेगळे. पुण्यातच रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारिता होते. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत लोककलेचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं, आणि माझं मत विचाराल तर या कार्यक्रमांसाठी ते सगळ्यात दुर्लक्षित दार आहे. कॅमेरा येणारे ढिगाने मिळतात. तमाशातल्या गण आणि गवळण यातला फरक सांगू शकणारा निर्मिती सहाय्यक मिळत नाही. कायम नोकरीच्या आशेवर वर्षं घालवू नका. सुरुवात बहुतेकांची कंत्राटी किंवा महिन्यातल्या मोजक्या दिवसांच्या कामाने होते, किंवा माझ्यासारखी बाहेरच्या निर्मिती संस्थेतून. पैसे उशिरा येतात. जोडीला दुसरं काही हवं, लग्नाचे व्हिडिओ, भाषांतर, शिकवणी. मी चार वर्षं शिकवण्या घेतल्या.

आत गेल्यावर पहिलं वर्ष संशोधन-समन्वयाचं काम मागून घ्या. त्याला ग्लॅमर नाही, पण फोन नंबरांची वही तुमची होते. नियम कंटाळवाणे वाटले तरी शिका: कोणत्याही धर्मावर वा समाजावर टीका होईल असं काही नको, फ्रेममध्ये दुकानाची, कंपनीची पाटी नको. गावच्या मंडपात मागे भला मोठा जाहिरातीचा फ्लेक्स असतोच. तो आयत्या वेळी काढायला सांगितलात तर वर्गणीदार रुसतो. रेकीतच कोन ठरवा.

भाग लागला की कलाकारांना तारीख-वेळ कळवा आणि नंतर प्रत पाठवा. एवढी साधी गोष्ट फार थोडे लोक करतात. मी ती नानांमुळे शिकले. त्या फोननंतर मी माफी मागितली तर ते म्हणाले, "आमाला काय, आमी परत बोलवू देवीला. पण त्या घरच्या म्हातारीला वाईट वाटलं." म्हातारीला मी जाऊन भेटले. तिने मला जेवायला वाढलं आणि त्या विषयावर एक शब्द बोलली नाही. मला ते जास्त लागलं.

दोन वर्षांनी त्याच संचावर दुसरा भाग करायचा योग आला, वेगळ्या घरी, वेगळ्या तालुक्यात. संबळ घुमला, नानांनी एकेक गाव घेत आवाहन सुरू केलं. पाचव्या-सहाव्या नावानंतर कॅमेरामनने माझ्याकडे बघितलं, बंद करू का म्हणून. मी मान हलवून नाही म्हटलं. अकरा मिनिटं लागली. एडिटला बसल्यावर मी माझं सुरुवातीचं निवेदन काढलं, तज्ज्ञांची मुलाखत काढली, सूर्यास्ताचा शॉट काढला. अकराच्या अकरा मिनिटं राहिली.