इंदूरहून मिस इंडियाच्या मंचाकडे: तयारी कुठून सुरू करायची

उज्जैनची निकिता पोरवाल ऑक्टोबर २०२४मध्ये फेमिना मिस इंडिया झाली आणि इथे इंदुरात माझा फोन वाजायचा थांबेना. उज्जैन म्हणजे आपल्या अगदी शेजारचं गाव, त्यामुळे 'तिला जमलं तर आमच्या मुलीला का नाही' असं आयांना वाटणं साहजिक होतं. मुलींचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला असतो, "ताई, वजन किती कमी करू?" आणि दुसरा प्रश्न रंगाचा.

मी स्वतः राज्याच्या फेरीपर्यंत गेले होते. पुढे काही वर्षं मुंबईत अशा स्पर्धांच्या बॅकस्टेजला काम केलं आणि आता इंदुरात मुलींची तयारी करून घेते. या सगळ्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. चालणं, उभं राहणं, मेकअप हे सगळं शिकता येतं आणि शेवटच्या टप्प्यावर पोचलेल्या बहुतेक जणींना ते येतच असतं. निवड होते ती जिच्याकडे स्वतःच्या मातीतलं, स्वतः पाहिलेलं काही सांगण्यासारखं आहे आणि ते अर्ध्या मिनिटात सांगता येतं तिची. तयारी तिथूनच सुरू करायला हवी.

त्याआधी स्पर्धा कोणती, ते ठरवा. 'मिस इंडिया' हे नाव सगळे एकाच अर्थानं घेतात, पण वाटा वेगळ्या आहेत. फेमिना मिस इंडिया १९६४पासून टाइम्स समूह घेतो आणि तिची विजेती मिस वर्ल्डला जाते. मिस युनिव्हर्सची वाट निराळी. २०१३पासून ती मिस दिवा या स्पर्धेतून जायची. आपली मानसी मोघे त्याच पहिल्या वर्षी निवडली गेली आणि मॉस्कोत पहिल्या दहांत आली. २०२१ची मिस युनिव्हर्स हरनाज संधूही त्याच वाटेनं गेली. २०२४पासून मात्र हे काम ग्लॅमानंद समूहाच्या मिस युनिव्हर्स इंडियाकडे आहे. मिस सुप्रानॅशनल, मिस इंटरनॅशनल, मिस अर्थ यांच्या निवडी आणखी वेगळ्या.

हे माहीत असणं का महत्त्वाचं? कारण नियम आणि कसोट्या बदलतात. मिस युनिव्हर्सनं २०२३पासून विवाहित स्त्रियांना आणि आयांना प्रवेश दिला, २०२४पासून वयाची वरची मर्यादाही काढली. मिस वर्ल्डच्या वाटेवर अजून अविवाहित असण्याची अट आहे. मिस वर्ल्डमध्ये स्विमसूटची फेरी २०१५पासून नाही. तिथे वजन पडतं ते समाजोपयोगी प्रकल्पाचं, टॅलेंटचं आणि 'हेड टू हेड' या बोलण्याच्या फेरीचं. मिस युनिव्हर्समध्ये स्विमसूट आणि गाउन दोन्ही आहेत. घरात स्विमसूटवरून वाद होणार असेल तर तो अर्ज भरण्याआधी होऊ द्या, मुंबईच्या हॉटेलातून फोनवर नको. फेमिनाची उंचीची अट पूर्वी जास्त होती, अलीकडे ती पाच फूट तीन इंचांवर आली आहे, अर्थात हिल्सशिवाय. वय साधारण १८ ते २५. तरी त्या त्या वर्षीचा अर्ज शब्दन्‌शब्द वाचून घ्या.

२०१७पासून फेमिनानं राज्यवार प्रतिनिधी निवडायला सुरुवात केली आणि आपल्यासारख्या शहरांतल्या मुलींना खरा फायदा झाला. तुमची पहिली स्पर्धा मुंबई-दिल्लीच्या मॉडेल्सशी नसते, मध्य प्रदेशातल्या मुलींशी असते. त्यातून एक जण राज्याची विजेती ठरते आणि तीसच्या आसपास राज्यविजेत्या मुंबईत एकत्र येतात.

अर्जाबरोबर फोटो आणि ओळखीचा छोटा व्हिडिओ लागतो. फोटोंसाठी लग्नाच्या फोटोग्राफरला हजारो रुपये देऊ नका. मागतात ते साधे फोटो, ज्यांना या धंद्यात 'डिजिटल्स' म्हणतात. चेहरा जवळून, कमरेपर्यंत आणि पूर्ण उंची. मेकअप नाही, केस मागे बांधलेले, अंगाला बसणारे साधे कपडे, मागे रिकामी भिंत, खिडकीतला सकाळचा उजेड. फोनचा मागचा कॅमेरा वापरा आणि पूर्ण उंचीच्या फोटोला तो छातीच्या पातळीवर धरायला सांगा. वरून काढलेल्या फोटोत पाय आखूड दिसतात. फिल्टर लावलेला फोटो निवडणाऱ्यांना लगेच कळतो, शिवाय ऑडिशनला तुम्हाला प्रत्यक्ष तिथे उभं राहायचंच असतं.

व्हिडिओत मात्र जीव ओता. इंदूरच्या जवळजवळ प्रत्येक मुलीचा व्हिडिओ एकाच चालीवर सुरू होतो: अहिल्यानगरी, सर्वात स्वच्छ शहर, पोहे-जिलबी, सराफा, मग 'मला मेहनत आवडते आणि मला महिलांसाठी काम करायचं आहे'. यातलं काहीच खोटं नाही, पण या वाक्यांत ती मुलगी कुठेच सापडत नाही. माझ्याकडे आलेल्या एका मुलीच्या वडिलांचं एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये छोटं दुकान आहे. तिनंही असाच व्हिडिओ आणला होता. मी विचारलं, "दुकानात बसतेस का कधी?" तर म्हणाली, "हो, दिवाळीत बसतेच." मग बोलता बोलता तिनं माझ्या ओढणीचं टोक दोन बोटांत चोळलं आणि सांगितलं, "यात पॉलिएस्टर आहे, धुतल्यावर काठ आकसेल." मी तिथेच तिला थांबवलं. नवा व्हिडिओ त्या बोटांपासून सुरू झाला: चिमटीत धरलेलं कापड, त्यावर तिचा आवाज, आणि वडिलांच्या गल्ल्यावर बसून तिनं गिऱ्हाइकाशी खरं बोलायला कसं शिकलं, ते. चाळीस सेकंदांत ती पूर्ण कळत होती.

हीच गोष्ट प्रश्नोत्तरांच्या फेरीत लागते. १९९४च्या फेमिना मिस इंडियात सुष्मिता सेन आणि ऐश्वर्या राय बरोबरीत आल्या, तेव्हा बरोबरी फोडायला सुष्मिताला विचारलेला प्रश्न कापडाचा होता: आपल्या देशाच्या वस्त्रपरंपरेबद्दल काय माहीत आहे, ती किती जुनी आहे आणि तुला स्वतःला काय घालायला आवडेल? एकोणीसच्या आतबाहेरच्या मुलीला असा प्रश्न, सगळा देश बघत असताना. हा प्रश्न मी इंदूरच्या प्रत्येक मुलीला विचारते, कारण त्याचं उत्तर आपल्याला बाहेर शोधायला जावंच लागत नाही. अहिल्याबाईंनी महेश्वरला राजधानी नेली आणि विणकरांना तिथे आश्रय दिला. महेश्वरी साडीच्या काठात नर्मदेची लहर आहे, चटई आहे, किल्ल्याच्या दगडांतली नक्षी आहे. पुढे माग बंद पडत चालले तेव्हा होळकर घराण्यातल्या रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी १९७९मध्ये रेहवा सोसायटी सुरू केली आणि बायकांच्या हाताला विणकामाचं काम मिळालं. आपल्या आजीच्या कपाटात महेश्वरी असते, आपण सुट्टीत घाटावर जाऊन येतो, पण मागावर बसलेल्या बाईशी बोलतो का? एकदा बोलून या. तेवढ्यावर वस्त्रं, रोजगार, स्त्रियांची कमाई, वारसा अशा निदान चार वेगळ्या प्रश्नांना उत्तर देता येतं.

स्वच्छतेचंही तसंच. २०१७पासून इंदूर स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं येत आलं आहे, त्यामुळे परीक्षक हा विषय काढतातच. 'आमचे नागरिक जागरूक आहेत' या उत्तरावर कुणी मान वर करून पाहत नाही. देवगुराडियाला ५५० टन ओल्या कचऱ्यापासून रोज बायो-सीएनजी करण्याच्या क्षमतेचा प्रकल्प २०२२मध्ये सुरू झाला, आणि तो चालतो कारण सकाळी गाडीचं गाणं ऐकू आलं की तुमची आई ओला आणि सुका कचरा वेगळा घेऊन खाली उतरते. एवढं सांगा. आकडा एक, माणूस एक.

मधू सप्रेंची आठवण मराठी घरांत अजून निघते. १९९२ला बँकॉकमध्ये मिस युनिव्हर्सच्या शेवटच्या तिघींत त्या होत्या. देशाचं नेतृत्व मिळालं तर पहिलं काम कोणतं कराल, या प्रश्नावर त्यांनी खेळाची मोठी मैदानं बांधीन असं उत्तर दिलं आणि त्या तिसऱ्या आल्या. गरिबी सोडून मैदान कसलं, अशी टीका झाली. मला ते उत्तर आजही मनापासून आवडतं, कारण त्या खेळाडू होत्या आणि बोलल्या ते त्यांच्या जगण्यातलं होतं. त्यांच्या उत्तराला एक वाक्य आणखी हवं होतं, इतकंच: मैदानामुळे गरीब घरातल्या मुलीला काय मिळतं, ते. माझ्या मुलींना मी हाच क्रम लावून देते. आधी थेट उत्तर, मग स्वतः पाहिलेली एक गोष्ट, मग त्यानं इतरांचं काय भलं होईल ते, आणि थांबायचं. थांबणं सगळ्यात अवघड जातं. घरी कुणाला तरी घड्याळ धरून बसवा, तीस सेकंदांना त्यानं टाळी वाजवायची आणि वाक्य अर्धं असलं तरी तुम्ही गप्प व्हायचं. काही आठवड्यांत वाक्यं आपोआप आखूड होतात.

इंग्रजीची भीती आपल्याकडे फार आहे. विचार मराठीत होत असेल तर आधी मराठीतच पूर्ण उत्तर द्या, मग तेच हिंदीत, मग इंग्रजीत साध्या शब्दांत. उत्तर पाठ केलेलं नसलं की भाषा अडखळली तरी अर्थ पोचतो. मिस युनिव्हर्सच्या मंचावर कितीतरी जणी दुभाषी घेऊन बोलतात. आणि गणेशोत्सवातली वक्तृत्व स्पर्धा, शाळेतलं स्नेहसंमेलन, हौशी नाटक यांना कमी लेखू नका. निकिता पोरवालही नाटक आणि निवेदन करत तिथवर पोचली. इंदूरच्या मराठी घरांत रंगमंचाची सवय लहानपणापासून असते, ती मुंबईच्या महागड्या वर्गातही विकत मिळत नाही.

गाउनची धास्ती घेऊ नका. सुष्मिता सेननं १९९४ला घातलेला गाउन दिल्लीच्या सरोजिनी नगरातून आणलेल्या कापडाचा होता, तो परकर शिवणाऱ्या शेजारच्या शिंप्यानं शिवला आणि हातमोजे नव्या पायमोज्यांपासून केले, हे तिनंच सांगितलं आहे. आपल्याकडे तर क्लॉथ मार्केट आणि शीतलामाता बाजार दोन्ही हाताशी. फक्त माप देताना स्पर्धेच्याच हिल्स पायात असू द्या आणि पुढचा घेर जमिनीपासून इंचभर वर ठेवायला सांगा. मागे सोगा कितीही लांब चालेल, पण पुढची कड पायात आली की चाल संपली. हिल्सवर आधी घरातल्या गुळगुळीत फरशीवर चाला, कारण मंच तसाच चकचकीत असतो. पायऱ्या उतरायचा सराव खाली न बघता करा.

मुंबईतल्या प्रशिक्षणाचे दिवस लांब असतात. सकाळी व्यायाम, मग चालणं, फोटो, पत्रकारांशी बोलणं, मिस टॅलेंटेड, मिस फोटोजेनिक अशा उपस्पर्धा, रात्री उशिरा फिटिंग. तिथे दिसतं ते खाणं-झोपणं सांभाळणाऱ्या मुलीचं बळ. म्हणून वजनाच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच: डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या, हिमोग्लोबिन वाढवा, पोट भरून जेवा, ताकदीचे व्यायाम करा. उपाशी राहून आलेली मुलगी पहिल्या काही दिवसांतच चक्कर येऊन बसलेली मी पाहिली आहे. रंग बदलायची क्रीमं आणि इंजेक्शनं यांच्या वाटेला अजिबात जाऊ नका.

समाजोपयोगी प्रकल्प अर्जासाठी घाईनं उभा केला की तो उघडा पडतो. मानुषी छिल्लर २०१७ला मिस वर्ल्ड झाली तेव्हा ती वैद्यकीय शिक्षण घेत होती आणि तिचं काम मासिक पाळीतल्या स्वच्छतेवर होतं. विषय तिच्या शिक्षणाला धरून होता. तुम्ही वस्तीतल्या मुलांना गणित शिकवत असाल तर तेच पुढे न्या, नव्या नावाची संस्था काढायची गरज नाही.

आता एक कडक सूचना. मोठ्या शहरांपासून तालुक्यापर्यंत 'मिस इंडिया' शब्द नावात घालून कितीतरी कार्यक्रम होतात. इथल्या एका आयोजकानं माझ्या विद्यार्थिनीला अंतिम फेरीसाठी तिकिटं विकून आणायला सांगितलं होतं, जास्त तिकिटं म्हणजे जास्त गुण. तिच्या वडिलांनी पैसे भरायची तयारीही केली होती, आम्ही अडवलं. कुठल्याही स्पर्धेला नाव देण्याआधी विचारा: विजेती कोणत्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला जाते आणि तसा हक्क तुमच्याकडे आहे हे त्या स्पर्धेच्या अधिकृत यादीत दिसतं का? मागच्या विजेत्या आज काय करतात? किती पैसे आणि कशाचे? उत्तर टाळलं की निघा. रात्री हॉटेलवर एकटीला 'स्पेशल ग्रूमिंग'साठी बोलावलं तर पालकांना सांगा आणि पोलिसांत जायला कचरू नका.

ऑडिशनला मुंबईला जायचं तर अवंतिका एक्स्प्रेस रात्रभरात मुंबई सेंट्रलला सोडते. पण शक्य असेल तर एक दिवस आधी पोचा. झोप न झालेला चेहरा कॅमेऱ्यात दिसतो. बरोबर ओळखपत्र, वयाचा दाखला, पासपोर्ट, हिल्सचा दुसरा जोड आणि सुई-दोरा ठेवा.

निवड झालीच तर समोर करार येतो. तो इंग्रजीत असतो, पानं भरपूर असतात आणि सही तिथल्या तिथे करायची घाई असते. ओळखीच्या वकिलाला आधीच सांगून ठेवा आणि पानांचे फोटो पाठवून त्यांच्याशी बोलल्याशिवाय सही करू नका. किती काळ तुम्ही दुसऱ्या कुणासाठी काम करू शकणार नाही, जाहिरातींच्या मानधनातला किती वाटा त्यांचा, मध्येच परीक्षा किंवा आजारपण आलं तर काय, किताब परत घेण्याच्या अटी कोणत्या, हे चार मुद्दे त्यांच्याकडून समजून घ्या. कॉलेजातही प्राचार्यांना रजेचा अर्ज निकालाची वाट न बघता देऊन ठेवा. रीटा फारिया १९६६ला मिस वर्ल्ड झाल्या तेव्हा मुंबईत डॉक्टरकी शिकत होत्या. त्यांनी शिक्षण पूर्ण केलं आणि पुढे आयुष्यभर डॉक्टर म्हणूनच काम केलं.