एका निळ्या ड्रममध्ये मासे आणि पालक

खाद्यतेलाचा २०० लिटरचा जुना निळा ड्रम घ्या, रसायनांचा नको. वरचा एक तृतीयांश भाग कापून उलटा केला की भाजीचा वाफा झाला, खालचा भाग माशांची टाकी. वाफ्याच्या एका बुचाला टँक निपल (टाकीला पाइप जोडायचा तुकडा) लावून एक इंची पाइप २२ सेंटिमीटर उंच उभा करा, पाइपच्या तळाजवळ ६ मिलिमीटरची दोन भोकं पाडा. आत २५ सेंटिमीटर धुतलेली खडी. खडी काळ्या दगडाचीच हवी. व्हिनेगर टाकून फेस आला तर ती चुनखडी आहे, पाण्याचा पीएच चढवत राहील. भरलेल्या वाफ्याचं वजन शंभर किलोच्या वर जातं, म्हणून सिमेंटच्या ठोकळ्यांचा भक्कम आधार द्या.

टाकीतलं पाणी वाफ्यात चढवायला कूलरचा १८ वॉटचा पंप, टायमरवर १५ मिनिटं चालू, ४५ मिनिटं बंद. पाणी उभ्या पाइपातून परत टाकीत येतं.

अनेकांचे मासे पहिल्या महिन्यातच मरतात, कारण घाई. विष्ठेतल्या विषारी अमोनियाचं नायट्रेट, म्हणजे रोपांचं खत, करणारे जिवाणू खडीवर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवा, मग फक्त चार-पाच गप्पी सोडा आणि पाच मिनिटांत संपेल एवढंच खाद्य द्या. अमोनिया आणि नायट्राइट (नायट्रेट होण्याआधीचा विषारी टप्पा) दोन्ही शून्यावर आल्यावरच मासे वाढवा.

कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी आहे. चिलेटेड लोह (पाण्यात विरघळलेलं राहणारं लोह) घाला. मोरचूद मात्र कधीच नाही, तांब्याने मासे मरतात. वीज जाते तिथे बॅटरीवरचा एअर पंप आधी घ्या, रोपं नंतर.