बेब्लेडच्या स्पर्धेत भांडण होण्याआधी

'आत्या, याचा आधी थांबला!'
'नाही आत्या, याचा आधी पडला!'

या दोन वाक्यांनी मला पंच केलं. भाच्याच्या मित्रांची बेब्लेडची, म्हणजे एकमेकांवर आदळवायच्या खेळण्यातल्या भोवऱ्यांची, स्पर्धा होती, आठ पोरं, एक स्टेडियम (भोवरे लढवायची खोलगट थाळी), आणि मी बाजूला माझं काम करत बसलेली. खोटं कुणीच बोलत नव्हतं. एकाचा बेब्लेड आधी आडवा झाला होता, दुसऱ्याचा आधी थांबला होता. यातलं हरणं कोणतं, हे खेळायच्या आधी कुणी ठरवलंच नव्हतं. त्या दिवसापासून पंचाची खुर्ची माझ्याकडे आहे. कुणाला अशी स्पर्धा भरवायची असेल तर माझ्या वहीतलं हे घ्या.

मी लिहितेय ते बेब्लेड एक्सबद्दल, म्हणजे टाकारा टोमी या जपानी खेळणी कंपनीने 2023 मध्ये आणलेल्या मालिकेबद्दल. मेटल किंवा बर्स्ट या जुन्या मालिकांचे भोवरे एक्सबरोबर एकाच स्पर्धेत घेऊ नका. रचना वेगळी, स्टेडियम वेगळं, गुणांचा हिशोब वेगळा. कुणी हौसेने घेऊन आलाच तर त्याला मधल्या वेळेत खेळू द्या.

गुण आधी मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा. समोरच्याचा भोवरा फिरायचा थांबला तर स्पिन फिनिश, 1 गुण. तो ओव्हर झोनमध्ये, म्हणजे कडेच्या दोन बाजूच्या खड्ड्यांपैकी एकात, गेला तर 2. त्याचे भाग सुटले, म्हणजे बर्स्ट झाला, तरी 2. त्या दोन खड्ड्यांच्या मधल्या खड्ड्यात, एक्स्ट्रीम झोनमध्ये, गेला तर 3. जो आधी 4 गुणांना पोचेल तो सामना जिंकला. लहान मुलं एक प्रश्न हमखास विचारतात: 3 गुण असताना बर्स्ट मिळाला तर 5 होतात, मग? मग काही नाही, 4 ओलांडले की जिंकलाच.

प्रत्येकाचा तीन भोवऱ्यांचा संच, म्हणजे डेक, असेल तर सगळ्यात जास्त वेळ तपासणीला ठेवा. नियम असा की तिन्ही भोवऱ्यांत एकही भाग दोनदा यायला नको. ब्लेड (वरची चकती), रॅचेट (मधला भाग), बिट (खालचं टोक), तिन्ही वेगवेगळे. वाचायला सोपं आहे, पण पोरं यातच अडकतात. रॅचेटवर दोन आकडे असतात. 3-60 मधला 3 म्हणजे कडेच्या दातांची संख्या आणि 60 म्हणजे उंची. म्हणून 3-60 आणि 4-60 हे दोन वेगळे भाग, एकाच डेकमध्ये चालतात. फ्लॅट आणि लो फ्लॅट हेही वेगळे बिट. पण लाल फ्लॅट आणि निळा फ्लॅट? एकच. रंग बदलल्याने भाग बदलत नाही.

नावांचा घोळ याहून मोठा. जपानी खोक्यावर जो हेल्स सायथ असतो तोच हॅस्ब्रोच्या, म्हणजे जपानबाहेर विकणाऱ्या कंपनीच्या, खोक्यावर सायथ इन्सेन्डिओ होतो. ड्रान स्वोर्डचा स्वोर्ड ड्रान होतो, नाइट शील्डचा हेल्म नाइट. एका मुलाने एकदा हेल्स सायथ आणि सायथ इन्सेन्डिओ दोन्ही डेकमध्ये लावले होते, आणि त्यात त्याचा काडीचाही दोष नव्हता. दोन वेगळ्या खोक्यांतून, दोन वेगळ्या नावांनी, दोन वेगळ्या वाढदिवसांना त्याला ते मिळाले होते. मी दोन्ही ब्लेड एकावर एक ठेवून दाखवले. त्याचं तोंड असं उतरलं की दुसरा ब्लेड बसवायला मी त्याला पाच मिनिटं जास्त दिली. तेव्हापासून तपासणी सामन्याच्या वेळी करत नाही, नाव नोंदवतानाच करते, आणि प्रत्येकाचे तिन्ही भोवरे कागदावर लिहून घेते. स्पर्धा संपेपर्यंत भाग बदलायचे नाहीत. घट्ट करायचे असतील तर प्रत्येक शूटआधी खुशाल करा, माझ्यासमोर.

क्रम मात्र गुप्त. कुठला भोवरा पहिला, दुसरा, तिसरा, हे दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवून ठरवायचं आणि एकाच वेळी उघड करायचं. तीन लढतींत कुणाचेच 4 गुण झाले नाहीत तर पुन्हा पाठ फिरवून नवा क्रम. हे आधी सांगून ठेवा, कारण तिन्ही लढती स्पिन फिनिशने संपल्या तर गुण तीनच होतात आणि पोरं माझ्याकडे बघत बसतात.

आता शूट, म्हणजे लाँचरने भोवरा सोडणं. 'थ्री, टू, वन, गो शूट!' एवढंच, आणि ते पंच म्हणणार, खेळाडू नाही. दोरीचा लाँचर असो की पट्टीचा, भोवरा 'शूट'वर सुटला पाहिजे. आधी सुटला, उशिरा सुटला, लाँचर स्टेडियमच्या झाकणाला घासला, सोडतानाच भोवरा स्टेडियमच्या बाहेर पडला, या सगळ्या चुका. आमच्याकडे पहिली चूक माफ, त्याच लढतीत दुसरी झाली की समोरच्याला 1 गुण. माफीशिवाय चालत नाही, कारण सात-आठ वर्षांच्या मुलाचा हात पहिल्या शूटला थरथरतोच. पण अमर्याद माफी दिली तर एकच सामना अर्धा तास चालतो, हेही अनुभवाने सांगते.

अजून एक घरचा नियम. फ्लॅट, रशसारख्या धावऱ्या बिटचा भोवरा कधीकधी समोरच्याला शिवतही नाही, स्वतःच सुसाट जाऊन खड्ड्यात पडतो. त्याचे समोरच्याला 3 गुण द्यायचे? त्याने केलंय काय? आम्ही 1 देतो. पण एकदा जरी टक्कर झाली असेल, अगदी हलकी, तरी पूर्ण गुण.

खरी वादावादी शेवटच्या दोन सेकंदांत होते. वेग कमी झाला की भोवरा डोलायला लागतो, मग झुकतो, ब्लेडची कड जमिनीला लागते आणि तो त्या कडेवर गोल गोल लोळतो. पोरं इथेच 'मेला!' म्हणून ओरडतात. मेला नाही. लोळतोय तोवर तो फिरतोय. आमचा नियम एका वाक्यात: पडणं म्हणजे थांबणं नाही. आडवा होऊन लोळणारा भोवरा उभ्या भोवऱ्यापेक्षा जास्त टिकल्याचं मी कितीदा पाहिलंय.

मग थांबला कधी म्हणायचं? मी टोकाकडे बघत नाही, ब्लेडच्या वरच्या चित्राकडे बघते. फिरताना सगळे रंग मिसळून एक कडं दिसतं. कडं फुटून चित्र ओळखू यायला लागलं की शेवट आला. मान खाली घालून डोळे स्टेडियमच्या पातळीला आणायचे आणि दोन्ही भोवरे एकाच नजरेत ठेवायचे. एकावरून दुसऱ्यावर नजर फिरवलीत तर मधलं निसटतं. कानही द्या. लोळणाऱ्या भोवऱ्याचा खरखराट हळूहळू विरत जातो आणि मग एकदम तुटतो.

अवघड जोडी म्हणजे उजवा विरुद्ध डावा. कोबाल्ट ड्रगूनसारखा डाव्या दिशेने फिरणारा भोवरा उजव्या दिशेने फिरणाऱ्याला चिकटला की दोन दातेरी चाकांसारखे ते एकमेकांचा वेग वाटून घेतात. जोरातल्याचा कमी होतो, मंदावलेल्याला थोडा मिळतो, आणि दोघं जवळजवळ बरोबरच थांबतात. त्यातून एक चमत्कारिक गोष्ट घडते: थांबलेल्या भोवऱ्याला शेजारच्याचा धक्का लागतो आणि तो पुन्हा जरासा गरगरतो. आमच्याकडे एकदा पूर्ण थांबला तो थांबला. नंतरची गिरकी उसनी, ती धरत नाही. दोघं एकाच क्षणी थांबले तर कुणालाच गुण नाही, त्याच दोन भोवऱ्यांनी लढत परत.

खड्ड्यांचं तसंच. भोवरा ओव्हर झोनमध्ये गेला, भिंतीला आपटून परत आत आला आणि फिरत राहिला तर लढत चालू. खड्ड्यात राहिला तरच फिनिश. लढत चालू असताना झाकणातल्या शूट करायच्या मोकळ्या जागेतून उडून बाहेर गेला तर आम्ही ओव्हर फिनिश धरतो. आणि दोन गोष्टी एकापाठोपाठ झाल्या तर जी आधी झाली ती धरायची.

हा शेवटचा नियम एका अंतिम सामन्यात कामी आला. धावता ड्रान स्वोर्ड स्टेडियमच्या कडेच्या दातेरी रेषेला लागला, तिथून गोळीसारखा सुटला आणि समोरच्या विझार्ड अ‍ॅरोला त्याने एक्स्ट्रीम झोनच्या तोंडाशी गाठलं. आवाज झाला. ब्लेड खड्ड्यात, रॅचेट आणि बिट मैदानात. बर्स्टचे 2 की एक्स्ट्रीमचे 3? मारणाऱ्याचे 1 गुण होते, म्हणजे 3 मिळाले तर सामना संपला, 2 मिळाले तर नाही. मला दिसलं नव्हतं, आणि मी तसं सांगितलं. सुदैवाने फोन तिवईवर लावून स्लो मोशन चालू होतं. साध्या व्हिडिओत सेकंदाला 30 चित्रं असतात, म्हणजे दोन चित्रांमध्ये 33 मिलिसेकंद जातात, आणि तेवढ्यात सगळं होऊन गेलेलं असतं. 240 चित्रांच्या व्हिडिओत हे अंतर 4 मिलिसेकंदांवर येतं. आम्ही एकेक चित्र सरकवत गेलो. ब्लेड आणि रॅचेटमध्ये फट पडलेली दिसली तेव्हा भोवरा अजून मैदानातच होता. बर्स्ट, 2 गुण. सामना पुढे चालला.

व्हिडिओ मात्र प्रत्येक लढतीला बघू नका, दिवस जाईल. आमच्याकडे प्रत्येकाला एका सामन्यात एकच हरकत, आणि तीही भोवरे उचलायच्या आधी. व्हिडिओतही कळलं नाही तर लढत परत. उचलल्यावर हरकत ऐकत नाही, कारण हात लागला की कोण कुठे पडलं होतं ते कुणालाच सांगता येत नाही. लढत संपली की मी गुण मोठ्याने सांगते, दोघं 'हो' म्हणतात, मगच हात आत. भाचा अजूनही 'हो' म्हणायच्या आधीच हात घालतो. मग ती लढत मी परत खेळायला लावते, तो जिंकलेला असला तरी.