आमदाराची प्रदीर्घ कारकीर्द कशी अभ्यासावी

एखादा आमदार कितीदा निवडून आला, ही माहिती सहज मिळते. पण तेवढ्यावर कारकिर्दीचा लेख उभा राहत नाही. सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघातून शेतकरी कामगार पक्षातर्फे ११ वेळा निवडून आलेले गणपतराव देशमुख (१९२६–२०२१) यांचे उदाहरण घेऊन ही पद्धत पाहू.

प्रथम निवडणूक आयोगाच्या सांख्यिकी अहवालांवरून वर्षवार तक्ता करावा. १९६२ आणि १९६७ मध्ये विजय, १९७२ मध्ये पराभव, १९७८ ते १९९० या चारही निवडणुकांत विजय, १९९५ मध्ये पुन्हा पराभव आणि १९९९ ते २०१४ सलग चार विजय, अशी नोंद होते. बेरीज मात्र दहाच भरते. अकरावा विजय १९७४ च्या पोटनिवडणुकीतला असून पोटनिवडणुका सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात येत नाहीत. नवख्या अभ्यासकाची चूक नेमकी इथेच होते. अकराला पाचाने गुणून ५५ वर्षे लिहिणेही तितकेच चुकीचे, कारण १९७४ ची मुदत अर्धवट होती आणि १९७८ ची विधानसभा १९८० मध्येच बरखास्त झाली. प्रत्यक्ष सभागृहातील काळ ५१ वर्षांच्या आसपास येतो. मतदारसंघाचे नाव तेच असले, तरी पुनर्रचनेत त्याच्या हद्दी बदललेल्या असू शकतात, हेही तपासावे.

त्यानंतर वळावे ते विधिमंडळाच्या कार्यवाहीकडे, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ इथेच द्यावा. भाषणांपेक्षा तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यावयाचे प्रश्न, अधिक बोलके असतात. ‘(१) ... हे खरे आहे काय, (२) असल्यास,...’ अशा ठरीव साच्यात प्रश्न छापलेला असतो आणि उत्तर पुष्कळदा ‘हे खरे नाही’, ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढ्यावर संपते. अशा वेळी तोच विषय पुढच्या अधिवेशनात लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी), अर्धा तास चर्चा किंवा कपात सूचना (अर्थसंकल्पी मागणीतील रक्कम कमी करण्याची) म्हणून परत आला का, हे शोधावे. चिकाटीचा आमदार तिथेच ओळखू येतो. देशमुख १९७८ आणि १९९९ मध्ये मंत्री झाले, तरी त्यांची बहुतेक कारकीर्द विरोधी बाकांवर गेली. त्यामुळे त्यांच्या बाबतीत हा मजकूर मंत्रिपदाच्या आदेशांपेक्षा मोलाचा ठरतो.

शेवटी तालुक्यात जावे. सांगोला हा दुष्काळी पट्टा असल्याने रोजगार हमीची कामे, टेंभू-म्हैसाळ उपसा सिंचन योजनांचे पाणी, डाळिंबाच्या बागा आणि सहकारी सूतगिरणी यांविषयी लोकांना विचारावे. समर्थक आठवणी भरभरून सांगतात, हे खरे. परंतु १९७२ आणि १९९५ मध्ये विरोधात प्रचार केलेली माणसे हयात असतील, तर आधी त्यांच्या ओसरीवर बसावे आणि त्यांनी सांगितलेली वर्षे घरी आल्यावर तक्त्याशी ताडून पाहावीत.