पोटाची टीप पक्की होईपर्यंत

मी शिवणकाम करते, त्यामुळे वजनाचं ऑपरेशनही माझ्या डोक्यात कापडाच्या भाषेतच शिरलं. डॉक्टरांनी कागदावर रेघ ओढून दाखवली: जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढायचा, उरलेल्याची अरुंद नळी करायची आणि कडेने बारीक पिनांची टीप घालायची. नाव काय, तर स्लीव्ह. म्हणजे बाही! ती तर मी रोज बसवते. पण कापडाला टीप मारली की लगेच अंगात घालता येतं, पोटाचं तसं नसतं. पहिले दीड-दोन महिने तिथे ताण पडू द्यायचा नाही. वजनकाट्याकडे तेव्हा बघितलं नाही तरी चालतं. घोट मोजायचे, प्रोटीन मोजायचं. वजन आपसूक उतरतं.

घरी आले तेव्हा पोटापेक्षा खांदाच जास्त दुखत होता. घाबरू नका. दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोट गॅसने फुगवतात, त्यातला उरलासुरला गॅस टोचतो आणि कळ खांद्यात जाते. दर तासा-दीड तासाने घरातल्या घरात फेऱ्या मारल्या की दोन-चार दिवसांत उतरते. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणूनही हे चालणं लागतंच. जड मात्र काही उचलायचं नाही. मी सहा आठवडे कापडाचा गठ्ठा दुसऱ्याकडून उचलून घेतला.

आता पाण्याचं. हे मी जरा लांबण लावूनच सांगणार, कारण इथेच मी चुकले. दिवसाला किमान दीड लिटर पाणी पोटात जायला हवं, आणि एका वेळी जातो एक घोट. पूर्वीसारखा तांब्या तोंडाला लावता येत नाही. तहान लागेल तेव्हा पिऊ, असं म्हणत राहिले आणि नवव्या दिवशी उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. लघवी गडद पिवळी झाली होती. सलाइन लावावं लागलं. त्यानंतर मशीनशेजारी छोटी वाटी ठेवली: एक शिवण संपली की एक घोट. शिवण नसेल त्या दिवशी घड्याळाचा गजर. स्ट्रॉ नको, सोडा नको. हवा आत जाते आणि पोट तडतडतं. जेवताना पाणी बंद, जेवणानंतर अर्धा तास बंद.

खाण्याच्या पायऱ्या तुमच्या आहारतज्ज्ञ लिहून देतील, त्याच पाळा. साधारण क्रम असा: आधी गाळलेलं पातळ, मग दाट पातळ, मग गुरगुट्या लगदा, मग मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचं. पाहुणे आले म्हणून एक पायरी गाळायची नाही. प्रोटीन रोज ६० ते ८० ग्रॅम. एवढ्याशा पोटात ते बसवायचं तर ताटात पहिला घास त्याचाच, बाकीचं जागा उरली तर.

पाचव्या आठवड्यात एक गिऱ्हाईक दारात उभं होतं आणि मी अर्धं उकडलेलं अंडं दोन घासांत संपवलं. छातीच्या मधोमध काहीतरी अडकल्यासारखं झालं, तोंडाला पाणी सुटलं आणि फेसासकट सगळं बाहेर. गिऱ्हाईक बिचारं गेलं निघून. तेव्हापासून चहाचा चमचा, बारीक घास, पिठासारखं होईपर्यंत चावणं, एका जेवणाला वीस-पंचवीस मिनिटं. प्रत्येकाचं शरीर 'बस' म्हणून खूण देतं. माझं नाक गळायला लागतं. कुणाला उचकी येते. ती खूण ओळखा आणि तिथेच चमचा खाली ठेवा, पुढचा एक घासही नको. एखाद्या वेळी उलटी झाली तर ठीक, पण रोज होऊ लागली तर 'सवय होईल' म्हणू नका. त्याने ब-१ जीवनसत्त्व संपतं आणि मज्जातंतूंना इजा होते.

बायपास (वजनाचंच दुसरं ऑपरेशन, यात जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात) झालेल्यांना आणखी एक जपावं लागतं. गोड खाल्लं की ते थेट आतड्यात उतरतं आणि अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब. याला डंपिंग म्हणतात. स्लीव्हवाल्यांनाही होऊ शकतं, पण कमी.

गोळ्यांचा कंटाळा येतो, तरी त्या जन्मभराच्या आहेत: मल्टिव्हिटॅमिन, ब-१२, ड, कॅल्शियम, लोह. कॅल्शियम आणि लोह एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तास तरी जाऊ द्या. डोकं दुखलं म्हणून आयबुप्रोफेनसारखी गोळी मनाने घेऊ नका, अल्सर होऊ शकतो. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्यांचे जुने डोस लवकरच गरजेपेक्षा जास्त ठरू लागतात. माझी रक्तदाबाची गोळी दुसऱ्याच महिन्यात निम्मी झाली, पण ती डॉक्टरांनी केली, मी नाही. वेगाने वजन उतरताना पित्ताशयात खडे होतात, त्यासाठी काही महिने वेगळं औषध देतात. तेही मधेच सोडू नका. बायकांसाठी एक: पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. वर्ष-दीड वर्ष गरोदरपण नकोच, आणि नुसत्या गर्भनिरोधक गोळीवर विसंबण्याआधी विचारून घ्या.

ताप, छातीचे ठोके उगाच जोरात, पोटात वाढत जाणारी कळ, धाप, एकाच पायाला सूज, काळी शौच: यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

तिसऱ्या आठवड्यात काटा अडला. अकरा दिवस तोच आकडा. रडले. मग सवयीने टेप काढली तर कंबर दीड इंच उतरलेली. हे अडणं बहुतेकांना होतं. तिसऱ्या महिन्यात केस गळायला लागले. काळ्या कापडावर दिसले नाहीत, पांढऱ्यावर दिसले. ऑपरेशनचा धक्का आणि कमी खाणं, दोन्हींमुळे ते गळतात, काही महिन्यांनी परत येतात. प्रोटीन आणि लोह सांभाळा, तेलांवर पैसे घालवू नका.

भूक गेली होती, कारण भुकेचं हार्मोन बनवणारा भागच बराचसा निघाला. तरीही संध्याकाळी पाचला हात डब्याकडे जायचाच. ती भूक पोटाची नव्हे, कंटाळ्याची. त्या वेळी मी काज-बटणाचं काम काढून बसते. दोन्ही हात अडकतात.

आणि कपडे. या काळात नवे शिवू नका, घेऊ नका. जुनेच आत घ्या, कच्च्या टाक्याने, आणि उरलेलं कापड कापू नका, माया राहू द्या. माझी एक पॅन्ट चार महिन्यांत तीनदा उसवून झाली आहे, चौथी खेप येत्या रविवारी.