जुन्या आयरिश सिनेमाला मराठी सबटायटलं करताना

शाहू स्मारकात परदेशी सिनेमा बघणारा प्रेक्षक कोल्हापूरला नवा नाही. पण १९६२ चा ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’ दाखवायचा तर इंग्रजी सबटायटलांवर भागत नाही. ब्रायन डेस्मंड हर्स्ट यांचा हा सिनेमा आयरिश नाटककार जे. एम. सिंग यांच्या १९०७ सालच्या नाटकावर आहे. बापाला मारून आलो म्हणत गावात शिरलेला क्रिस्टी, त्याच्यावर भाळलेली पेगीन, त्याला आपल्याकडे ओढू बघणारी विधवा क्विन, आणि सगळी गंमत बोलीत. ती बोली इंग्रजीत वाचून उलगडेपर्यंत पुढचा विनोद निघून जातो.

आधी जाहीर खेळाची लेखी परवानगी. विकत घेतलेली डीव्हीडी घरापुरती असते.

मग कॉपीचा वेग बघा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित होतो, युरोपातली डीव्हीडी २५ ने पळते. २४ च्या कॉपीवर बसवलेली सबटायटलं अशा डीव्हीडीवर दर दहा मिनिटांना २४ सेकंद मागं पडतात. अशा वेळी सगळी फाईल पुढं-मागं सरकवून उपयोग नाही. सुरुवात जुळते, शेवट चुकतो. ‘सबटायटल एडिट’ या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट २४ चा २५ करायचा, आणि पहिला व शेवटचा संवाद ताडून बघायचा.

एका वेळी दोनच ओळी, ओळीला ३५ ते ४० अक्षरं. सॉफ्टवेअर काना-मात्राही वेगळ्या मोजतं, तेव्हा दिसताना ओळ आखूडच भरते. दोन्ही ओळी भरल्या तर चार-पाच सेकंद तरी ठेवा. प्रश्न आणि त्याचं उत्तर एकत्र कधीच नको. नट तोंड उघडायच्या आत लोक हसून मोकळे होतात. मेला म्हणून सांगितलेला बाप जिवंत हजर होतो, तिथं तर ओळ दृश्याच्या कटवरच सुरू व्हायला हवी. एक सेकंद आधी आली की प्रसंग वाया गेला.

भाषांतरात सगळ्यात जास्त फसवतो तो ‘आफ्टर’. आयरिश माणूस ‘आय ॲम आफ्टर सीइंग हर’ म्हणतो तेव्हा तो तिच्या मागं लागलेला नसतो, तिला आत्ताच बघून आलेला असतो. प्रेमाच्या गोष्टीत ही चूक फार महागात पडते. क्रिस्टीचं हत्यार ‘लॉय’ म्हणजे लांब दांड्याचं, अरुंद पात्याचं फावडं. कुऱ्हाड लिहू नका. आणि गावकऱ्यांच्या तोंडी ‘नाद खुळा’ घालायचा मोह आवरा. हशा नक्की मिळेल, पण आयर्लंडमधल्या मेयोच्या किनाऱ्यावरचं गाव रंकाळ्यावर येऊन बसेल. ‘लई’, ‘न्हाई’ एवढी गावरान छटा पुरे.

फाईल यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्येच सेव्ह करा, नाहीतर पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. प्रोजेक्टरला थेट पेनड्राइव्ह लावला तर बरेचदा जोडाक्षरं फुटतात. त्यापेक्षा ‘हँडब्रेक’ या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘बर्न इन’ करून सबटायटलं चित्रातच पक्की करा. फॉन्ट ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’. ओळींत जागा कमी पडली तर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात. हॉलची जमीन सपाट असेल तर सबटायटलं थोडी वर घ्या, कारण पुढच्यांच्या डोक्याआड आधी खालचीच ओळ जाते.

चित्र पडदाभर ताणू नका, कडेला काळ्या पट्ट्या राहू देत. आदल्या दिवशी त्याच लॅपटॉपवर, त्याच हॉलमध्ये सिनेमा अखेरपर्यंत चालवा आणि सर्वांत मागच्या रांगेत बसून वाचा.