रेकॉर्डिंगपुढे हात चालवू नका

पियानो बऱ्यापैकी वाजवणाऱ्या, स्वरलेखन वाचू शकणाऱ्या आणि आता वाद्यवृंदाचा कंडक्टर, म्हणजे हाताच्या खुणांनी वादकांना एकत्र चालवणारा, होण्याचा विचार करणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. माझी दोन वर्षे ज्या चुकीत गेली, ती आधी सांगतो.

मुंबईत असताना मी रोज रात्री स्कोअर, म्हणजे सर्व वाद्यांचे एकत्रित स्वरलेखन, उघडून रेकॉर्डिंगबरोबर हात चालवत असे. बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीत पहिल्या सुराआधी विश्रांतीचे चिन्ह आहे. ते मला कधीच अडले नाही, कारण रेकॉर्डिंगमध्ये सूर आपोआप येतो आणि हात त्याच्यामागून जातो. युरोपात शिकायला गेल्यावर प्रथमच खऱ्या वाद्यवृंदापुढे हात खाली आणला, तेव्हा प्रत्येक जण वेगळ्या क्षणी सुरू झाला. लय, जोर आणि स्वभाव हे सारे खाली येणाऱ्या हातात नव्हे, तर त्याआधी श्वासाबरोबर वर जाणाऱ्या हातात असते, आणि नेमके तेच मी शिकलो नव्हतो. शिवाय अनेक वाद्यवृंद, विशेषतः जर्मनीतले, हात खाली आल्यावर किंचित उशिराने वाजवतात. तो सूर कानी पडेपर्यंत थांबणाऱ्या कंडक्टरचा पुढचा ठोका लांबतो, त्यामुळे वादक आणखी मागे राहतात आणि बघता बघता लय पडते. रेकॉर्डिंग जरूर ऐका, पण हात मांडीवर ठेवून ऐका.

ऑपेराकडे जायचे असेल, तर नाट्यगृहातील रेपेटीटरच्या, म्हणजे पियानोवर गायकांची तालीम घेणाऱ्याच्या, कामाला पर्याय नाही, असे माझे ठाम मत आहे. तेथे संपूर्ण वाद्यवृंदाचा भाग पियानोवर वाजवावा लागतो आणि गैरहजर गायकाची ओळही स्वतःच म्हणावी लागते. हे काम दुय्यम नाही. प्रसिद्ध कंडक्टर जॉर्ज शोल्टी बुडापेस्टच्या ऑपेरात याच कामातून वर आले. ‘ला बोएम’ या ऑपेराच्या पहिल्या अंकात नायिका मिमी कोणत्या सुरावर किती रेंगाळेल, हे स्कोअर पूर्णपणे सांगत नाही, तिच्याबरोबर तो भाग वीस वेळा वाजवल्यावर तिचा श्वास आपल्या हाताला कळू लागतो. आठवडाभराच्या महागड्या कार्यशाळेतून चित्रफीत मिळते, हे कळणे मिळत नाही.

तरीही धीर सोडू नका. कंडक्टर झुबिन मेहता 1954 साली वैद्यकाची वाट सोडून व्हिएन्नाला गेले, तेव्हा ते 18 वर्षांचे होते. तेथे हान्स स्वारोव्स्कींकडे कंडक्टिंग शिकत असतानाच ते डबल बास हे तंतुवाद्यही शिकले. तुम्हीही वादकांच्या रांगेत बसून पाहा. वाद्यवृंद मिळत नसेल, तर चार वादक आणि एक गायक जमवा, तोंडाने एकही मात्रा मोजू नका, आणि केवळ तुमच्या श्वासावर ते पाचही जण एकत्र सुरू होतात का, ते तपासा.